उतरत्या स्वराचा हक्क

उत्तरायुष्य : साप्ताहिक सदर

मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी माणसाची प्रतिष्ठा त्याच्या जमिनीच्या उताऱ्यावरून किंवा पेन्शनच्या रकमेवरून जितकी ठरते, त्याहून कितीतरी अधिक ती चारचौघांत त्याच्या शब्दाला काय मोल आहे यावरून ठरते. आणि शब्दाला मोल यावयाचे तर तो प्रथम दुसऱ्याच्या कानापर्यंत पोहोचावा लागतो, ही गोष्ट इतकी साधी आहे की तरुणपणी तिचा विचार करण्याची गरज कोणालाच भासत नाही. बिरबलनाथ महाराजांच्या मंदिरातील आरती, हयात कलंदरांच्या दर्ग्यावर दूरदूरहून आलेल्या पाहुण्यांची विचारपूस, बाजार समितीच्या आवारात तूर-सोयाबीनच्या भावावरून होणारी घासाघीस, घराघरांतून चालणारे ‘गजानन विजय’चे पारायण, सायंकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आणि रात्री जेवणे आटोपल्यावर ओट्यावर रंगणारी बैठक, असा येथील सारा लोकव्यवहार कागदावर थोडा आणि कंठावर फार चालतो. अशा गावात ज्याचा कंठ खालावला, त्याचा लोकव्यवहारातील वाटाही कोणताही फेरफार न नोंदवता, कोणतीही नोटीस न बजावता, हळूहळू कमी होत जातो.

वयोमानाने डोळ्यांना चष्मा लागतो, कानांना कमी ऐकू येते, गुडघे कुरकुरतात आणि दात पडतात, हे सर्वांस ठाऊक आहे व या प्रत्येक व्याधीची दखल घरात आणि दवाखान्यात घेतली जाते. आवाजाचे मात्र तसे होत नाही. गळ्यातील स्वरयंत्रात दोन नाजूक स्वररज्जू असतात. फुप्फुसांतून वर येणाऱ्या श्वासाने ते एकमेकांवर मिटून कंप पावतात, प्रौढ पुरुषात सेकंदाला साधारणतः १०० ते १३० वेळा आणि स्त्रीत २०० वेळांच्या आसपास, आणि त्या कंपनातूनच आपण ज्यास आवाज म्हणतो तो उत्पन्न होतो. साठी-पासष्टीनंतर या रज्जूंतील स्नायू कृश होऊ लागतात, त्यांच्या आवरणातील लवचीक तंतू कमी होतात, स्वरयंत्राच्या कूर्चा हाडासारख्या कठीण होतात, आणि दोन्ही रज्जू पूर्ण मिटण्याऐवजी त्यांच्यामध्ये एक बारीक फट शिल्लक राहते, जिच्यातून श्वास वाया जातो. त्यात छातीचा पिंजरा ताठर झालेला असतो, फुप्फुसांत पूर्वीइतकी हवा मावत नाही, तोंडातील ओलावा घटलेला असतो आणि कवळी सैल बसत असली तर उच्चारही निसटू लागतात. परिणामी आवाज बारीक, श्वासाळलेला, कापरा किंवा घोगरा होतो, वाक्य अर्ध्यात तुटते, आणि घटकाभर बोलल्यावरच घसा थकून जातो.

या बदलाचा एक विलक्षण भाग असा की, पुरुषाचा बोलण्याचा स्वर उतारवयात काहीसा वर चढतो, तर रजोनिवृत्तीनंतर स्त्रीचा स्वर खाली उतरून जाड होतो. ज्या गृहस्थाने तीस वर्षे शाळेत वर्ग शांत ठेवला, त्याचा आवाज किरटा झाला की तो स्वतःच्याच आवाजाला परका होतो. आणि ज्या आजीबाईने जन्मभर जात्यावर, पाळण्यावर, मंगळागौरीत गाणी म्हटली, तिला फोनवर पलीकडचा अनोळखी माणूस ‘काका’ म्हणून हाक मारतो तेव्हा तिला जी लज्जा वाटते, ती ती कोणाजवळ बोलूनही दाखवत नाही. पुढच्या खेपेस फोन वाजला की नातवाच्या हातात देते, इतकेच. अशी माघार एका दिवसात घेतली जात नाही. प्रथम फोन सुटतो, मग भजनातील पुढची जागा सुटते, मग लग्नसमारंभातील गप्पा सुटतात, आणि शेवटी घरातल्या घरात मत देणेही सुटते.

आपल्या वऱ्हाडातील उन्हाळा या प्रश्नाला अधिकच बिकट करतो. चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर गेला की प्रत्येक घरात कूलर दिवसरात्र घरघरत असतो, त्याच्या जोडीला दूरदर्शन संच चालू असतो, आणि या दोहोंच्या वर आपला आवाज चढवणे तरुणांना नकळत साधते, कारण कोलाहलात आवाज आपोआप उंचावणे हा निरोगी कंठाचा स्वभावच आहे. वृद्धाला तेच साधत नाही. तो काहीतरी सांगतो, कोणी लक्ष देत नाही. तो पुन्हा सांगतो, तेव्हा “काय म्हणून रायले आबाजी, आयकूच येत नाई ना,” असे नातू म्हणतो. तिसऱ्यांदा सांगण्याइतका श्वास किंवा उत्साह त्याच्यापाशी उरत नाही, आणि “काही नाही, जाऊ दे,” एवढे म्हणून तो गप्प होतो. त्या घरात कोणी दुष्ट नसतो, कोणाच्या मनात अनादर नसतो, तरीही दिवसातून दहा वेळा हेच घडले तर ‘जाऊ दे’ हेच त्या माणसाचे कायमचे उत्तर होऊन बसते. त्याच्या पत्नीला ऐकू कमी येत असेल तर पन्नास वर्षांच्या संसारात जो संवाद कधी थांबला नव्हता तो, एकाचा कंठ आणि दुसऱ्याचा कान यांच्यामधल्या त्या थोड्याशा अंतरात, थांबून जातो.

घराबाहेर कचेऱ्यांतही हीच गत होते. श्रावणबाळ योजनेचे पैसे का थांबले हे विचारावयास, हयातीच्या दाखल्याची पूर्तता करावयास किंवा वारसाच्या फेरफारासंबंधी तक्रार नोंदवावयास एखादा वृद्ध तहसील कचेरीत वा बँकेत जातो, तेव्हा काचेच्या तावदानाआड बसलेल्या कारकुनाला, मागच्या रांगेच्या गलबल्यात, त्याचे म्हणणे ऐकू येत नाही. “सोबत कोण आहे?” असा प्रश्न येतो आणि मुलगा किंवा पुतण्या पुढे होऊन बोलू लागतो. एकदा दुसऱ्याने बोलण्याची ही रीत पडली की, कोणतेही मुखत्यारपत्र लिहून न देता त्या वृद्धाच्या वतीने बोलण्याचा अधिकार दुसऱ्याकडे गेलेला असतो. आणि ज्याच्या वतीने दुसरा बोलतो, त्याच्या वतीने दुसरा ठरवूही लागतो. शेताची वाटणी, औषधोपचार, राहण्याचे ठिकाण, अशा बाबींत ज्याचे म्हणणे सर्वप्रथम विचारावयाचे, तो खोलीत उपस्थित असूनही दप्तरात गैरहजर ठरतो.

याहून गंभीर गोष्ट ही की, या गप्प होण्याचा आपण चुकीचा अर्थ लावतो. मौनाला पुण्य मानणारी आपली परंपरा थोर आहे, आणि उत्तरवयात मन अंतर्मुख व्हावे ही आकांक्षाही योग्यच आहे. परंतु त्या परंपरेच्या आधारे आपण प्रत्येक न बोलणाऱ्या वृद्धाला विरक्त ठरवून मोकळे होतो. “आता ते शांत झाले, कशात लक्ष घालत नाहीत,” असे कौतुकाने म्हटले जाते. ज्याने स्वेच्छेने वाणी आवरली त्याचे मौन आणि ज्याची वाणी थकल्यामुळे त्याला आवरावी लागली त्याचे मौन बाहेरून सारखेच दिसते, पण पहिल्यात तृप्ती असते आणि दुसऱ्यात कोंडमारा. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६५ वर्षांवरील ११७ ज्येष्ठांना त्यांच्या आवाजाविषयी विचारले गेले, तेव्हा सुमारे २९ टक्के जणांनी त्या वेळी आवाजाचा त्रास असल्याचे सांगितले. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत साठीपुढील माणसांची संख्या १० कोटींहून अधिक होती आणि ती वाढतच आहे. त्यांच्यापैकी कितीजणांच्या मौनाला आपण वैराग्य म्हणून नमस्कार करीत आहोत, याचा विचार प्रत्येक घराने करावयास हवा.

ज्यांचा आवाज हेच जीवितकार्य होते, त्यांच्या चरित्रांतून या प्रश्नाची दोन निराळी रूपे दिसतात. गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी, आपला आवाज आपल्याच कसोटीस पूर्वीसारखा उतरत नाही असे जाणवताच, वयाच्या सत्तरीत जाहीर मैफली थांबविल्या. त्या निर्णयात कलावंताचा स्वाभिमान होता आणि तो आदरास पात्र आहे. याउलट भीमसेन जोशी २००७ साली, आजारांनी देह खिळखिळा झालेला असताना, वयाच्या ८५ व्या वर्षी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात पुन्हा गायले, आणि श्रोत्यांनी ते गाणे तरुण भीमसेनांशी तुलना करण्यासाठी ऐकले नाही. जे उरले होते ते पूर्ण लक्ष देऊन ऐकले. थोर गायकाच्या उतरत्या स्वरासाठी जो समाज असा श्वास रोखून बसू शकतो, त्याच समाजाला आपल्या घरातील पित्याच्या स्वरासाठी क्षणभर कूलर बंद करता येऊ नये, ही विसंगती मला अस्वस्थ करते. थोर गायकाला आपण जे अवधान देतो, ते सामान्य वृद्धालाही मिळावे अशी माझी मागणी आहे.

अर्थात केवळ श्रोत्यांनी सुधारून भागणार नाही; या व्याधीवर उपाय आहेत आणि ते आपल्या माणसांना कळले पाहिजेत. प्रथम सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण तंबाखू आणि खर्रा यांचा सुळसुळाट असलेल्या आपल्या विदर्भात तिचे महत्त्व फार आहे: आवाज बसून तीन आठवडे लोटले आणि तरीही तो सुटत नसेल, तर ‘वयच झाले’ असे म्हणून स्वस्थ बसू नये, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे, कारण स्वरयंत्राचा कर्करोग पुष्कळदा प्रथम आवाजातूनच बोलतो आणि लवकर सापडला तर बरा होतो. तसेच आवाज दिवसेंदिवस पुटपुटल्यासारखा होत असेल, हात थरथरत असतील किंवा चाल मंदावली असेल, तर ती कंपवाताची चाहूल असू शकते. अशी काही व्याधी नाही, केवळ वयोमानाचा बदल आहे, असे ठरल्यावरही हात टेकण्याचे कारण नाही. वाक्उपचारतज्ज्ञ जे स्वराचे व्यायाम शिकवितात, म्हणजे एकच स्वर लांब धरणे, आवाज खालून वर व वरून खाली सरकविणे, ओठ मिटून गुणगुणणे, ते दिवसातून दोनदा, सहा-आठ आठवडे नेमाने केले तर अनेकांचा आवाज पुष्कळ सावरतो. फट मोठी असेल तर रज्जूंत इंजेक्शन देऊन त्यांना भरीवपणा आणता येतो, आणि क्योटोच्या इश्शिकी या शल्यविशारदांनी १९७०च्या दशकात प्रस्थापित केलेल्या शस्त्रक्रियेने ते मध्याकडे सरकविताही येतात. पाणी पुरेसे पिणे, वारंवार खाकरण्याची सवय सोडणे आणि रोज थोडा वेळ मोठ्याने वाचणे, हे तर घरबसल्या करण्यासारखे आहे.

या दृष्टीने पाहिले तर आपल्या पूर्वापार प्रथांत फार मोलाचे साधन दडलेले आहे. गजानन विजयचा एक अध्याय रोज प्रकट वाचणे, हरिपाठ म्हणणे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीस गुरुकुंज स्थापून ज्या सामुदायिक प्रार्थनेचा संस्कार विदर्भाच्या खेड्यापाड्यांत रुजविला तिच्यात नित्य सामील होणे, हे श्वासाचे आणि स्वराचे उत्तम शिक्षण आहे. परंतु त्यासाठी मंडळांनी थोडे औदार्य दाखविले पाहिजे. आपली भजने तरुण कंठांच्या सोयीने उंच पट्टीत लावली जातात, आणि त्या पट्टीला न पोहोचणारे वृद्ध टाळ वाजवीत नुसते ओठ हलवीत बसतात व काही दिवसांनी येणेच बंद करतात. आठवड्यातील एक दिवस पेटीवर दोन-तीन पट्ट्या खाली उतरून, संथ लयीत, ज्येष्ठांच्या कंठाला झेपेल असे भजन ठेवावे आणि त्या दिवशी ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती द्यावा. एवढ्या अल्पशा बदलाने कितीतरी माणसे परत येतील, अशी माझी खात्री आहे.

शासनाच्या दारीही एक मागणी नोंदविणे आवश्यक आहे. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी इत्यादी साधने देण्याची तरतूद झाली, ही अभिनंदनीय बाब होय. पण डोळे, कान, दात आणि पाय यांची आठवण ठेवणाऱ्या त्या यादीत कंठाची आठवण राहिलेली नाही. लहान मुलांसाठी जिल्हास्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत वाक्उपचारतज्ज्ञाची तरतूद आहेच. तोच तज्ज्ञ महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ज्येष्ठांसाठी बसविता येईल. १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र झालेल्या आपल्या वाशिम जिल्ह्यास २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय लाभले आहे. त्याच्या कान-नाक-घसा विभागाने या कामी पुढाकार घ्यावा. बँकांनी आणि कचेऱ्यांनी ज्येष्ठांसाठी एक शांत मेज ठेवावे, जेथे कारकून आणि वृद्ध समोरासमोर बसतील आणि मध्ये काच नसेल.

हे सारे होईल तेव्हा होईल, पण वाचकाच्या स्वतःच्या हाती जे आहे त्याला कोणत्याही मंजुरीची गरज नाही. घरातील वडीलधारे बोलू लागले की कूलर आणि दूरदर्शन बंद करावे, त्यांच्या समोर, चेहरा दिसेल असे बसावे, त्यांचे वाक्य आपण पुरे करू नये, आणि “जाऊ दे” असे ते म्हणाले तर जाऊ देऊ नये, “सांगा ना जी, काय म्हणत होते?” असे पुन्हा विचारावे. वृद्धाचे न बोलणे ही शांती आहे असे म्हणण्याचा अधिकार, त्याला बोलण्याची पुरेपूर संधी देऊन पाहिल्यावाचून, कोणालाही नाही.