कुणी बघत नसताना



शाळेच्या परिपाठात तुम्ही पुष्कळ प्रार्थना म्हणता. त्यांतली एक हिंदी प्रार्थना तर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यातल्या मुलांना तोंडपाठ असते. भरत व्यास यांनी ती लिहिली, वसंत देसाई यांनी चाल लावली आणि लता मंगेशकरांनी गायिली. पण ती आली कुठून? मागच्या हिवाळ्यात मी माझ्या चौथीच्या वर्गाला हाच प्रश्न विचारला. कुणी म्हणालं, पुस्तकातून. कुणी म्हणालं, देवळातून. एक जण म्हणाला, "बाई, मोठ्या गुरुजींनी लिहिली असंल!"

ती आली एका सिनेमातून. सिनेमाचं नाव 'दो आँखें बारह हाथ'. म्हणजे दोन डोळे आणि बारा हात. १९५७ साली कोल्हापूरच्या मातीतले व्ही. शांताराम यांनी तो काढला. आपल्या 'गीतरामायणा'चे कवी ग. दि. माडगूळकर यांनी त्याची कथा लिहिली. एका शनिवारी शाळेतल्या टीव्हीवर मी तो मुलांना दाखवला. सिनेमा काळा-पांढरा म्हणून आधी सगळ्यांनी नाकं मुरडली. अर्ध्या तासात मात्र वर्ग चिडीचूप!

गोष्ट अशी आहे. आदिनाथ नावाचा एक तरुण जेलर असतो. माणूस कितीही वाईट वागला तरी तो सुधारू शकतो, असं त्याला मनापासून वाटतं. खून केलेले सहा कैदी तो तुरुंगाबाहेर काढतो आणि एका ओसाड माळावर नेतो. बेड्या नाहीत, उंच भिंती नाहीत. नुसतं उजाड रान आणि काम. सहा जणांचे बारा हात. आदिनाथही त्यांच्या बरोबरीनं घाम गाळतो. खेळणी विकणारी चंपा अधूनमधून तिथं येते आणि त्या रांगड्या माणसांच्या चेहऱ्यावर हसू फुलतं. हळूहळू माळ हिरवा होतो. भाजी पिकते. ही माणसं ती बाजारात नेऊन रास्त भावात विकू लागतात. मग ज्याच्या मुठीत सगळा बाजार असतो, त्या व्यापाऱ्याच्या पोटात दुखू लागतं. तो पिकावर बैल सोडायला लावतो. ते पीक वाचवताना आदिनाथ आपला प्राण गमावतो.

पडद्यावरच्या त्या झुंजीत शांतारामबापूंच्या डोळ्याला खरोखरच मोठी इजा झाली होती. दृष्टी जाते की काय अशी वेळ आली होती. पण ती वाचली. सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. १९५८ साली जर्मनीतल्या बर्लिनच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला.

सिनेमा संपल्यावर मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "बाई, बेड्या नव्हत्या, भिंत नव्हती. मग ते पळून कामून नाही गेले?"

प्रश्न लाखमोलाचा होता. त्याचं उत्तर सिनेमाच्या नावातच आहे. आदिनाथ समोर नसला तरी त्याचे दोन डोळे आपल्याकडं बघत आहेत, असं त्या कैद्यांना सारखं वाटत राहतं. ते डोळे रागाचे नाहीत, विश्वासाचे आहेत. ज्यानं आपल्यावर विश्वास टाकला त्याला फसवायचं कसं? त्यांना धरून ठेवलं ते याच प्रश्नानं.

ही नुसती सिनेमातली गंमत नाही बरं का! १९३९ साली औंध संस्थानात असा प्रयोग खरोखर झाला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकारानं आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' नावाची कैद्यांची वसाहत उभी राहिली. कैद्यांनी तिथं बायकामुलांसह राहायचं आणि शेती करायची. आज ती जागा सांगली जिल्ह्यात येते. माडगूळकरांचा जन्म त्याच आटपाडी तालुक्यातल्या शेटफळे गावचा. आपल्या मराठवाड्यातही पैठणला असं खुलं कारागृह आहे. अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्या माणसावर न रागावता, प्रत्येक वेळी गोदावरीत स्नान करून येणाऱ्या एकनाथ महाराजांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तेच हे पैठण, आणि तीच गोदावरी पुढं आपल्या नांदेडला येते.

त्या शनिवारी मी मुलांना मोठ्या थाटात सांगितलं, "कुणी बघत नसताना जो नीट वागतो, तोच खरा प्रामाणिक." मुलांनी माना डोलावल्या. मलाही आपण फार छान शिकवलं असं वाटलं.

आणि पुढच्याच आठवड्यात माझीच परीक्षा झाली.

आमची सहल कंधारचा किल्ला बघायला जाणार होती. मुलांनी आणलेले पैसे मी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवत होते. मंगळवारी मोजले, तर दोनशे रुपये कमी! पुन्हा मोजले. कमीच.

वर्गात एक मुलगा होता. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, तो आजीजवळ राहायचा. दुसरीत असताना त्यानं एकाचं कंपास घेतलं होतं. ते परतही केलं होतं. पण माझ्या मनात ते राहून गेलं होतं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "दप्तर दाखव."

तो उभा राहिला. "म्या नाही घेतले, बाई." एवढंच म्हणाला आणि दप्तर बाकावर उलटं केलं. दोन वह्या, एक पुस्तक, पेन्सिलीचा तुकडा आणि फडक्यात बांधलेली भाकरी. पैसे नव्हते. दुसऱ्या कुणाचंही दप्तर मी बघितलं नाही. आज ते आठवलं की मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

गुरुवारी रात्री घरी हजेरीपटाचं काम करत बसले होते. कव्हरच्या आतून शंभराच्या दोन नोटा पडल्या! लख्खकन आठवलं. एका पालकांना सुटे देताना घाईघाईत मीच त्या तिथं खोचल्या होत्या.

मुलांनो, खरं सांगते, मनात पहिला विचार कुठला आला? नोटा गुपचूप डब्यात ठेवाव्यात. उद्या म्हणावं, "नीट मोजले, पैसे बरोबर आहेत." संपला विषय! घरात सगळे झोपलेले. कुणी बघत नव्हतं.

आणि मग माझंच वाक्य मला आठवलं. ते दोन डोळेही आठवले. पण ते आदिनाथाचे नव्हते. बाकावर दप्तर उलटं करून माझ्याकडं बघणाऱ्या पोराचे होते.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. आजी दारात तूर निवडत होत्या. "आलाव का बाई, बसा," म्हणाल्या. "लेकरू तीन दिस झालं नीट जेवना. काय झालंय ते बी सांगंना."

म्हणजे त्यानं घरी काहीच सांगितलं नव्हतं! मी सगळं सांगितलं. नोटा दाखवल्या. मग दाराआड उभ्या असलेल्या त्याला म्हणाले, "बाळा, चूक माझी होती. मला माफ कर."

तो कितीतरी वेळ गप्प. आजी म्हणाल्या, "आरं, बाई एवढ्या म्हणायल्यात. हो म्हण की!" मी त्यांना थांबवलं. माफी मागणं माझं काम होतं. ती द्यायची की नाही, कधी द्यायची, हे त्यानं ठरवायचं.

शेवटी खाली बघतच तो म्हणाला, "बाई, तुम्ही वर्गात म्हणलाव. मग वर्गातच सांगा."

किती खरं बोललं ते लेकरू! माझी चूक पस्तीस मुलांसमोर झाली होती आणि माफी मी घराच्या कोपऱ्यात उरकत होते. शनिवारी मी वर्गात उभी राहिले आणि सांगितलं, "पैसे चोरीला गेलेच नव्हते. ते मीच दुसरीकडं ठेवून विसरले होते. ह्याच्यावर मी खोटा आळ घेतला. चुकलं माझं." आवाज जरा कापत होता. पण मुलं हसली नाहीत.

तुम्हाला वाटेल, मग तो लगेच हसला असेल आणि सगळं गोड झालं असेल. तसं झालं नाही. आठ दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी घाई केली नाही. मनाला लागलेलं एका शब्दानं भरून येत नाही.

सहलीच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "पैसे मोजायला मदत करतोस का?" त्यानं डबा पुढं ओढला आणि म्हणाला, "दोघं मोजू, बाई. एकदा मी, एकदा तुम्ही." मला हसू आलं. तोही हसला. पैसे दोन्ही वेळा बरोबर भरले.

त्याच्या त्या एका वाक्यातून मी शिकले ते असं. क्षमा करायची म्हणजे झालेलं विसरायचं किंवा डोळे मिटून घ्यायचे असं नाही. पुन्हा एका डब्याभोवती बसायचं. आदिनाथानं तरी दुसरं काय केलं? कैद्यांना तो नुसतं "जा, माफ केलं" म्हणाला नाही. हातात काम दिलं आणि स्वतः शेजारी उभा राहिला. आणि चूक आपली असेल तर ती जिथं केली तिथंच, तेवढ्याच मोठ्या आवाजात कबूल करायची.

आईबाबांनाही एक विनंती. मुलानं एकदा चूक केली म्हणून त्याच्या कपाळावर कायमचा शिक्का मारू नका. आणि आपलं चुकलं तर मुलाची माफी मागायला लाजू नका. त्यानं आपला मान कमी होत नाही. मी अनुभवानं सांगते.

मुलांनो, या आठवड्यात एक करून बघा. कुणाला दुखावलं असेल तर आठवा. जिथं दुखावलं तिथंच जाऊन "माझं चुकलं" म्हणा. समोरचा लगेच बोलला नाही तरी रुसू नका. काय झालं ते मला पत्रानं जरूर कळवा. तुमचं गुपित माझ्याजवळच राहील.

तुमच्या,
बाई