दातांच्या डॉक्टरचाच जबडा दुखतो तेव्हा

सकाळी उठलो की गाल जड, कानासमोर टकटक आणि जांभई देताना कळ. मला वाटले, अक्कलदाढ असेल. एक्स-रे काढला, दाढ ठणठणीत. मग एके दिवशी दवाखान्यातल्या मदतनीस मुलीने विचारले, ''सर, पेशंटची दाढ काढताना तुम्ही स्वतःचे दात का आवळता?'' दुखण्याचे मूळ तिथेच सापडले.

वाचकहो, कानासमोर बोट ठेवून तोंड उघडा व मिटा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. ओठ मिटलेले असतानाही वरचे व खालचे दात २-३ मिलिमीटर सुटे असायला हवेत. त्यांची गाठ पडावी ती चावताना आणि गिळताना. आम्ही दंतवैद्य मात्र मान वाकडी करून तासन्‌तास दात आवळून काम करतो. स्नायू थकतात, सांधा कुरकुरतो.

पाठ-कंबरेचे दुखणे आम्ही चारचौघांत सांगतो, जबड्याचे लपवतो. दातांच्या डॉक्टरचेच तोंड दुखते म्हटल्यावर लोक हसतील ना! माझ्या मते ही लाज रुग्णाला महागात पडते. जो स्वतःचा स्नायू चाचपत नाही, तो रुग्णाचा काय चाचपणार? तिरोड्याकडच्या एका विड्या वळणाऱ्या बाईंची दाढ मी पूर्वी काढली. दाढ गेली, दुखणे राहिले. दोष दाढेचा नव्हताच, हे मला फार उशिरा उमगले.

बहुतेकांचे हे दुखणे साध्या उपायांनी बसते. गरम शेक घ्यावा, काही दिवस मऊ वरणभात खावा, सुपारी व फुटाणे टाळावेत, जांभई देताना हनुवटीखाली हात धरावा. दात घासून 'चाव' बसवून घेण्याची घाई करू नये.

एक मात्र वेगळे. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडाची आग होत असेल, तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावत नसतील, तर तो सुपारीचा आजार असू शकतो. पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. त्याने लगेच तपासून घ्यावे.

माझ्या खुर्चीच्या दिव्यावर आता एक चिठ्ठी आहे : 'दात सुटे!' तुम्हीही दाढ काढायला बसण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारा, ''माझा जबड्याचा सांधा पाहिलात का?'' या प्रश्नाचा राग कोणाही डॉक्टरने मानू नये.