विश्लेषण : स्मार्ट वीजमीटर अचूक असला, तरी बिल चुकू शकते का?

नव्या वीजमीटरमुळे बिल वाढल्याची तक्रार राज्यातील अनेक ग्राहक करत आहेत, तर मीटर अचूक असल्याचे महावितरणचे म्हणणे आहे. जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर न बसवण्याची घोषणा झाली. त्यानंतर बसवले जाणारे टीओडी मीटर पोस्टपेड असले, तरी आतली यंत्रणा तीच आहे.

मीटर युनिट कसे मोजतो?
हा मीटर म्हणजे एम्बेडेड सिस्टीम, अर्थात एकाच कामाला वाहिलेला छोटा संगणक. तारेतील प्रवाह सेन्सर टिपतो. व्होल्टेज रेझिस्टरच्या साखळीतून कमी करून घेतले जाते. एडीसी हे दोन्ही संकेत सेकंदाला हजारो वेळा आकड्यांत बदलतो. प्रत्येक क्षणाच्या दोन आकड्यांचा गुणाकार करून बेरीज होत जाते आणि त्यातून युनिट ठरते.

बाकीचे भाग कशासाठी?
मायक्रोकंट्रोलरला घड्याळ, मेमरी, डिस्प्ले आणि मोडेम जोडलेले असतात. घड्याळ व मेमरीसाठी सहसा आयटूसी किंवा एसपीआय, तर मोडेमसाठी यूएआरटी वापरतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रयोगशाळेत शिकतात ती ‘पेरिफेरल इंटरफेसिंग’ हीच. मोडेम बंद पडला तरी मोजणी थांबत नाही. नोंदी मेमरीत राहतात.

घड्याळ इतके महत्त्वाचे का?
जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत आहे. घड्याळ तासभर चुकले, तर युनिट बरोबर आणि पैसे चुकीचे, असे होऊ शकते. म्हणूनच वीज गेल्यावरही ते बॅटरीवर चालत राहते.

ग्राहकाला काय तपासता येते?
मीटरवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ असे लिहिले असेल, तर लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होते. घरातले बाकी सर्व बंद ठेवून २००० वॅटचा गीझर लावल्यास दिवा मिनिटाला साधारण १०७ वेळा लुकलुकायला हवा. डिस्प्लेवर येणारी वेळ मोबाइलशी ताडून पाहता येते.

मात्र यातून मोजणी आणि घड्याळ एवढेच तपासले जाते. आकडा मीटरबाहेर पडल्यावर बिलापर्यंत कसा पोहोचतो, हे ग्राहकाला दिसत नाही. त्यामुळे ‘मीटर अचूक आहे’ हे उत्तर खरे असले, तरी पुरेसे नाही.