विश्लेषण : ‘अल्फा-बीटा’पासून सुरुवात, तीही अठराव्या वर्षी! विद्यापीठातल्या प्राचीन ग्रीकवरून एवढा वाद का?

ब्रिटनचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन ‘इलियड’च्या ओळी मूळ ग्रीकमध्ये घडाघडा म्हणून दाखवतात, तो व्हिडिओ अधूनमधून सोशल मीडियावर फिरत असतो. जॉन्सन ईटनसारख्या महागड्या शाळेत शिकले आणि पुढे ऑक्सफर्डला त्यांनी ‘क्लासिक्स’, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन भाषा, साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान हा विषय घेतला. अशा विद्यार्थ्याला विद्यापीठात जाऊन ‘अल्फा, बीटा, गॅमा’ गिरवावं लागत नाही, ते शाळेतच झालेलं असतं. पण ज्याच्या शाळेत ग्रीक सोडाच, लॅटिनही नव्हतं, त्याने विद्यापीठात पोहोचल्यावर पहिल्या अक्षरापासून ग्रीक शिकायचं ठरवलं तर? ब्रिटन आणि अमेरिकेतली मोठी विद्यापीठं गेली काही वर्षं याच प्रश्नाशी झगडताहेत.

ग्रीक खरंच इतकं अवघड आहे का?

लिपी अजिबात अवघड नाही. २४ अक्षरं आठवड्याभरात हातात बसतात. गणिताच्या वर्गात पाय, थीटा, सिग्मा आधीच भेटलेले असतात. खरी गंमत सुरू होते ती क्रियापदांपासून.

शाळेत संस्कृत घेतलेल्या मराठी मुलांना इथे ओळखीचे चेहरे दिसतील. ‘अस्ति’ला ग्रीकमध्ये ‘एस्ति’, ‘ददामि’ला ‘दिदोमि’, ‘भरति’ या धातूचा भाऊ ‘फेरो’. भूतकाळ करताना संस्कृतमध्ये क्रियापदाच्या आधी ‘अ’ लागतो, म्हणजे ‘अभरत्’. ग्रीकमध्ये ‘ए’ लागतो, म्हणजे ‘एफेरे’. द्विवचन आहे, आत्मनेपदासारखा प्रकारही आहे. दोन्ही भाषा एकाच मूळ घराण्यातल्या, त्यामुळे हे साम्य योगायोगाचं नाही. नंतरच्या काळात थेट उसनवारीही झाली. आपण रोज वापरतो तो ‘केंद्र’ हा शब्द ग्रीक ‘केंत्रोन’वरून आला, ज्योतिषातली ‘होरा’ ग्रीक ‘होरा’वरून आणि बाजारातला ‘दाम’ ‘द्राख्मा’ या नाण्यावरून.

मात्र एक मोठा फरक आहे. संस्कृतचा तृतीय भूतकाळ आपल्या शाळेत सहसा शिकवतच नाहीत, आणि त्यावाचून फारसं अडतही नाही. ग्रीकमध्ये त्याच जातीचा ‘अओरिस्ट’ हा काळ पानापानावर येतो. कोणी आलं, गेलं, म्हणालं, मेलं, सगळं अओरिस्टमध्ये. त्यातून नेहमीची क्रियापदंच सर्वांत जास्त अनियमित. ‘मी वाहून नेतो’ हे ‘फेरो’, ‘मी नेईन’ हे ‘ओइसो’ आणि ‘मी नेलं’ हे ‘एनेंका’. तिन्ही रूपं एकाच क्रियापदाची, पण बघून कोणाला खरं वाटणार नाही. एकेका क्रियापदाची अशी सहा मूळ रूपं पाठ असल्याशिवाय शब्दकोशात शब्द सापडतच नाही.

हे पाठांतर सुसह्य व्हावं म्हणून पाठ्यपुस्तकंही बदलली. ब्रिटनमधल्या लॅटिन-ग्रीक शिक्षकांच्या संघटनेने १९७८ मध्ये ‘रीडिंग ग्रीक’ हे मोठ्या वयाच्या नवशिक्यांसाठीचं पुस्तक काढलं. त्यात तक्त्यांऐवजी पहिल्याच धड्यापासून गोष्ट सुरू होते, आणि ती आहे भर समुद्रात जहाजाच्या तळाला भोक पाडून कर्ज बुडवू पाहणाऱ्या भामट्यांची. डेमोस्थेनिस या वक्त्याच्या नावावर असलेल्या कोर्टातल्या भाषणावरून ती बेतलेली आहे. आर्थिक घोटाळ्याने भाषेची सुरुवात ही कल्पना तशी झकासच. पण गोष्ट कितीही रंगली तरी रूपं पाठ करावी लागतातच, आणि त्याला वेळ लागतो. शाळेतून शिकून आलेल्याला तो वेळ आधीच मिळालेला असतो.

मग हा प्रश्न आजच का?

ग्रीक हे फार काळ दारावरच्या पहारेकऱ्याचं काम करत होतं. कुठलाही विषय शिकायचा असो, केंब्रिजच्या प्रवेशासाठी १९१९ पर्यंत आणि ऑक्सफर्डच्या प्रवेशासाठी १९२० पर्यंत ग्रीक सक्तीचं होतं. याचा चटका भारतालाही बसला. आयसीएससाठी १८५४ मध्ये मेकॉले समितीने जी गुणपद्धत सुचवली, तिच्यात ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण होते, तर संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. भारतावर राज्य करायला निघालेल्या अधिकाऱ्यासाठी संस्कृतचं मोल ग्रीकच्या निम्मं! पुढे बडोद्याला सयाजीराव गायकवाडांकडे नोकरी केलेले अरविंद घोष या परीक्षेत ग्रीक-लॅटिनच्या बळावर चमकले, पण ते लहानपणापासून इंग्लंडमध्ये शिकलेले होते. इथे शिकलेल्या मुलासाठी ही चढण वेगळीच होती.

सक्ती गेली, पण शाळांमधली दरी राहिली. ब्रिटिश कौन्सिलच्या २०२० च्या सर्वेक्षणात इंग्लंडमधल्या ४९ टक्के खासगी शाळांत खालच्या वर्गांना लॅटिन शिकवलं जात होतं. सरकारी शाळांत हे प्रमाण ३ टक्क्यांहूनही कमी होतं. ग्रीकची स्थिती आणखी बिकट. शालेय शिक्षणाच्या शेवटी असलेल्या ए-लेव्हलला ग्रीक घेणारे विद्यार्थी वर्षाला जेमतेम काहीशे, आणि त्यातले बहुतेक खासगी शाळांमधले.

प्रिन्स्टनने काय केलं?

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ मध्ये क्लासिक्सच्या पदवीसाठी ग्रीक किंवा लॅटिन येण्याची अट काढून टाकली. ज्यांच्या शाळेत या भाषा नव्हत्या तेही विषयाकडे वळावेत, हा उद्देश. भाषांचे वर्ग बंद झाले नाहीत, फक्त सक्ती गेली. तरीही ‘ग्रीक न येता ग्रीकांचा अभ्यास?’ म्हणून गदारोळ झाला. भाषातज्ज्ञ जॉन मॅकव्हॉर्टर यांनी तर समानतेच्या नावाखाली दर्जा खाली आणला जातोय, अशी टीका केली. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठाने आपला क्लासिक्स विभागच गुंडाळायचं ठरवलं, तेव्हा उलट बाजूने प्रश्न आला की या भाषा फक्त श्रीमंत गोऱ्यांसाठी ठेवायच्या का?

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे, पण प्रिन्स्टनच्या उपायातली मेख वेगळी आहे. अट काढल्याने दार उघडतं, वेळ मात्र वाढत नाही. शाळेतून ग्रीक शिकून आलेला मुलगा प्लेटो मूळातून वाचणार आणि दुसरा भाषांतरावर भागवणार. पदवीच्या कागदावर दोघं सारखे, पुढे पीएचडीला अर्ज केला की फरक उघडा पडणार, कारण तिथे मूळ भाषा लागतेच.

ब्रिटनचा मार्ग वेगळा कसा?

इथे भाषा ठेवली आणि रस्ता लांबवला. ऑक्सफर्डमध्ये दोन्ही भाषा न येणाऱ्यांसाठी ‘कोर्स टू’ नावाची वेगळी वाट आहे. सुरुवातीला एकच भाषा घ्यायची आणि पाचव्या सत्राच्या अखेरीस मोठी परीक्षा द्यायची. तिथलं सत्र आठ आठवड्यांचं, म्हणजे शून्यापासून मूळ ग्रंथांपर्यंत शिकवण्याचे आठवडे अवघे ४०. केंब्रिजमध्ये लॅटिन येणाऱ्यांना तीन वर्षांच्या पदवीत ग्रीक पहिल्यापासून शिकता येतं. लॅटिनही नसेल तर चार वर्षांची पदवी घ्यायची. त्यात पहिलं वर्ष मुख्यतः लॅटिनला जातं आणि ग्रीकचा नंबर नंतर लागतो.

शिकण्याच्या दृष्टीने हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो, कारण भाषेला वेळ लागतो हे तो मान्य करतो. पण खालून येणारा आधारच आटतोय. सरकारी शाळांत लॅटिन रुजवण्यासाठी २०२१ मध्ये जाहीर झालेली ४० लाख पौंडांची योजना नव्या सरकारने पैशांची चणचण सांगून फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवली, तीही शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना. तिच्यात सुमारे ४० शाळा होत्या. तिथल्या मुलांपैकी कोणाला क्लासिक्स शिकायचं असेल, तर त्याच्यापुढे विद्यापीठातली नवशिक्यांची वाट उरते.

आणि त्या वाटेला भाडं आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याची वार्षिक फी २०२५-२६ मध्ये ९,५३५ पौंड होती. ज्या मुलाच्या शाळेने त्याला लॅटिन दिलं नाही, त्याच्या शैक्षणिक कर्जात केंब्रिजच्या चौथ्या वर्षाची ही रक्कम, शिवाय वर्षभराच्या राहण्या-खाण्याचा खर्च जास्तीचा चढतो. खासगी शाळेतून लॅटिन शिकून आलेला त्याचा वर्गमित्र तोपर्यंत पदवी घेऊन बाहेर पडलेला असतो.