‘चालून राह्यलं ना, मंग कायले हात लावता?’

पवनी, लाखांदूर, भिवापूर या पट्ट्यातल्या एखाद्या पतसंस्थेत, महाविद्यालयात किंवा दवाखान्यात सर्व्हर अपग्रेड करण्याचा विषय काढून पाहा. वरचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांतच येतो. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. सुरळीत चाललेल्या यंत्राला केवळ हौसेपोटी हात लावणारे महाभाग सगळीकडेच असतात. पण प्रश्न म्हणून सुरू झालेले हे वाक्य आता संस्थांचे धोरण होऊन बसले आहे, आणि त्या धोरणाशी माझे भांडण आहे.

अपग्रेडचा हा वाद मुख्यतः व्हर्च्युअलायझेशनभोवती फिरतो; ते म्हणजे काय, हे आधी दोन वाक्यांत सांगतो. एकच दणकट सर्व्हर घ्यायचा आणि त्यावर हिशेबाचे विंडोज, हजेरीचे लिनक्स, ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर अशी स्वतंत्र आभासी यंत्रे चालवायची. एक बिघडले तरी बाकीच्यांना त्याची झळ लागत नाही. ही वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीएमवेअरचा दबदबा वर्षानुवर्षे होता, आणि ओपन सोर्सवाल्यांत आज प्रॉक्समॉक्स, एक्ससीपी-एनजी, ओपनस्टॅक ही नावे घेतली जातात.

यातले काय घ्यावे, हा वाद सुरू झाला की पहिला आक्षेप ठरलेला: फुकटच्या वस्तूला वाली नसतो, कंपनीचे घेतले की निदान कोणाची कॉलर धरायची ते ठाऊक असते. २०२३ पर्यंत या म्हणण्याला थोडे वजन होते. त्या वर्षी नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरातच कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले. पुढे सगळे मुदतीच्या वर्गणीवर, तेही प्रोसेसरमधल्या कोअरच्या हिशेबाने, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअरचे पैसे. तुमच्या प्रोसेसरला आठच कोअर असले तरी बिल सोळाचे! व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या सर्व्हरवर बसणाऱ्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये काढून घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा दिली. का काढली, का दिली, हे पवनीच्या ग्राहकाला कोण विचारतो? व्हीएमवेअरच्याच व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाली होता, हे खरेच. पण मालक बदलताच त्याने भाडे वाढवले. जगभरच्या बड्या कंपन्या यावर भांडू शकल्या, वकील लावू शकल्या. तालुक्याच्या गावातली संस्था कॉलर धरणार कोणाची, आणि कशाच्या जोरावर?

आता माझ्याच बाजूच्या मंडळींकडे वळतो, कारण त्यांचे खंडन मला जास्त गरजेचे वाटते. ‘ओपन सोर्स म्हणजे फुकट, फुकट म्हणजे उत्तम’ असा त्यांचा सरळ हिशेब असतो. सेंटओएस या लिनक्सचे काय झाले ते आठवा. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळणार, या भरवशावर असंख्य सर्व्हर त्यावर बसवले गेले. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की मुदत ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. कोड खुला होता, परवाना खुला होता, तरी सातहून अधिक वर्षे एका घोषणेत गेली. नुसत्या ‘ओपन’ या पाटीने काही सुरक्षित होत नाही. मग निवडताना पाहायचे काय? माझ्या मते दोनच गोष्टी: बाहेर पडायची वाट आहे का, आणि पुढच्या आवृत्तीवर जायची वाट चालण्याजोगी आहे का.

पहिल्या कसोटीवर केव्हीएमवर उभ्या असलेल्या व्यवस्था उतरतात. केव्हीएम हा आभासी यंत्रे चालवणारा, लिनक्सच्या गाभ्याचाच भाग आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये २.६.२० या आवृत्तीसोबत तो आत आला. गूगलचे क्लाउड त्यावर चालते आणि ॲमेझॉनची नायट्रो व्यवस्थाही त्याच पायावर आहे. प्रॉक्समॉक्स ही व्हिएन्नाच्या कंपनीची २००८ पासूनची व्यवस्था. खाली डेबियन, त्यावर केव्हीएम, आणि हलक्या कामांसाठी एलएक्ससी कंटेनर. उद्या ही कंपनी ब्रॉडकॉमसारखी वागली, तरी तुमच्या आभासी डिस्क साध्या लिनक्स सर्व्हरवर उचलून नेता येतात. मालकाचा स्वभाव बदलला तर आपल्याला निघता येते, एवढीच स्वातंत्र्याची व्याख्या मला पुरते. एक्ससीपी-एनजीही वाईट नाही. मूळ झेनसर्व्हरच्या फुकट आवृत्तीतल्या सोयी काढून घेतल्यावर फ्रान्समधल्या मंडळींनी ती उभी केली. तुमच्याकडे झेन जाणणारा माणूस असेल तर खुशाल घ्या. ओपनस्टॅक मात्र पवनीसाठी नाही. ते सांभाळायलाच एक वेगळे खाते लागेल.

आणि ज्या पतसंस्थेत एकच हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि तीन कर्मचारी आहेत, तिला यातले काहीच नको. एक बरा संगणक, एक यूपीएस, रोजचा बॅकअप. तिथे कोणी तीन सर्व्हरच्या क्लस्टरचे कोटेशन घेऊन आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

सगळे क्लाउडवर टाका, हाही एक सल्ला हल्ली ऐकू येतो. संकेतस्थळ आणि ईमेल जरूर टाका. पण रस्ता खोदताना केबल तुटली आणि दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रेच्या प्रतिमा संध्याकाळपर्यंत उघडल्या नाहीत, तर तो सल्ला देणारा फोन उचलतो का ते पाहावे.

आता मूळ वाक्याकडे. चालते आहे, म्हणून हात लावायचा नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय चालवणाऱ्या हजारो सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. ‘ईएसएक्सआयआर्ग्स’ या नावाने तो ओळखला गेला. ज्या जुन्या दोषातून तो शिरल्याचे मानले गेले, त्याची दुरुस्ती फेब्रुवारी २०२१ मध्येच उपलब्ध होती. जवळपास दोन वर्षे! ते सर्व्हरही हल्ल्याच्या आदल्या रात्रीपर्यंत अगदी व्यवस्थित चालत होते. यंत्र चालते की नाही यावरून ते सुरक्षित आहे की नाही हे कळत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट ‘चालून राह्यलं ना’ म्हणणारा विसरतो. बरे, घटना घडलीच तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत ती कळवायची असते आणि १८० दिवसांचे लॉग जपून ठेवलेले असावे लागतात. ज्या सर्व्हरला कोणी हातच लावलेला नाही, त्याचे लॉग कुठे साठतात हे तरी कोणाला माहीत असणार?

अपग्रेड म्हणजे सगळे बंद पडणार, ही भीती मात्र खोटी नाही, आणि ती कुठून येते तेही कळते. नागपूर–नागभीड नॅरोगेज ब्रॉडगेज करायचे ठरले तेव्हा, नोव्हेंबर २०१९ मध्ये, पवनी रोडवरून जाणारी छोटी गाडीच बंद झाली. रूळ उखडल्याशिवाय रूळ रुंद होत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षे लोक एसटीने फिरले. सर्व्हरचेही असेच होणार, असे वाटणे साहजिक आहे. पण व्हर्च्युअलायझेशनची सगळी गंमत इथेच आहे. क्लस्टरमध्ये दोन-तीन सर्व्हर असतील, तर एकावरची आभासी यंत्रे चालू असतानाच दुसऱ्यावर हलवता येतात; रिकामा झालेला सर्व्हर अपग्रेड करायचा, मग पुढचा. इथे गाडी चालू ठेवून रूळ बदलता येतात. ज्याने ही सोय विकत घेतली किंवा फुकट मिळवली आणि तरी पाच वर्षे आवृत्ती बदलली नाही, त्याने व्हर्च्युअलायझेशन घेतलेच कशाला?

ही वाट चालण्याजोगी आहे का, ही दुसरी कसोटी. प्रॉक्समॉक्सची सातवी आवृत्ती जुलै २०२१ ची. तिची मुदत जुलै २०२४ मध्ये संपली. आठवी जून २०२३ मध्ये आली. नववी, डेबियन १३ वर आधारलेली, ऑगस्ट २०२५ मध्ये. नवी मोठी आवृत्ती आल्यावर जुनीला साधारण वर्षभर वेळ मिळतो. मात्र सातवरून थेट नऊवर उडी मारता येत नाही. आधी आठ, मग नऊ. एक मुक्काम चुकवला की पुढचा दुप्पट अवघड होतो. आळशी माणसाला याचा राग येतो. मला यात शिस्त दिसते: केव्हा काय करायचे हे वर्षभर आधी कळते आणि कुठलाही विक्रेता ते ऐनवेळी बदलत नाही.

प्रत्यक्ष काम तसे रटाळ आहे, आणि रटाळच असावे. आधी आठव्या मालिकेच्या शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे ८.४ वर यायचे. मग ‘पीव्हीई-८-टू-९’ ही तपासणीची आज्ञा चालवायची. ती फक्त दोष दाखवते, दुरुस्त करत नाही. तिची पिवळी आणि लाल ओळ वाचायचा कंटाळा करू नका. सेफ साठवण वापरत असाल तर ती आधी ‘स्क्विड’ आवृत्तीवर न्यावी लागते. ग्लस्टरएफएस साठवण वापरत असाल तर नवव्या आवृत्तीने त्याचा आधार काढला आहे. सेंटओएस ७ किंवा उबुंटू १६.०४ चे जुने कंटेनर असतील तर ते नव्यावर चालणार नाहीत. त्यांची सोय आधी लावा. नवा कर्नल आला की कधी कधी नेटवर्क कार्डांची नावे बदलतात आणि सर्व्हर जिवंत असूनही जाळ्यावरून गायब होतो. म्हणून हे काम नागपूरला बसून दूरवरून करू नये; पवनीत, सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून करावे. जुन्या आवृत्तीच्या सर्व्हरवरून नव्यावर यंत्र हलवता येते, उलट दिशेची हमी नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि दोनच सर्व्हर असतील तर एक बंद पडताच उरलेल्याकडे गणपूर्ती राहत नाही. त्यासाठी कोपऱ्यात पडलेल्या एखाद्या जुन्या डेस्कटॉपला तिसरे मत द्यायची सोय आहे, ती वापरा.

मुहूर्तही पाहावा. मार्चअखेर नको, कारण हिशेब. मे नको, कारण विदर्भातला उन्हाळा आणि सर्व्हरखोलीतला थकलेला एसी. ऑगस्ट नको, याचे कारण वैनगंगेला विचारा. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या धरणांतून सोडलेले पाणी आणि गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे यांच्यामध्ये या काठाची काय गत झाली, ते पवनीकरांना सांगायला नको. त्या पुराने संगणकाबद्दलही एक गोष्ट शिकवली आहे. सर्व्हर आणि बॅकअप एकाच तळमजल्यावरच्या खोलीत असतील, तर तो बॅकअप नव्हे. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. एक प्रत वरच्या मजल्यावर, एक गावाबाहेर, आणि अपग्रेडच्या आधी त्यातले एक यंत्र प्रत्यक्ष परत उभे करून पाहिलेले. प्रॉक्समॉक्सचा बॅकअप सर्व्हर बदललेला तेवढाच भाग दूरच्या ठिकाणी पाठवतो. त्यामुळे तालुक्याच्या इंटरनेटवरही रात्रीत काम होते.

शेवटचा आक्षेप माणसांचा: आमच्याकडे हे करणारे आहे कोण? नागपूर जेमतेम दोन तासांवर आहे, आणि डेबियन जाणणारी मुले तिथून निघून पुण्यालाच जातात असेही नाही. पण त्यांना पैसे द्यावे लागतील. परवान्याचे पैसे वाचले म्हणून माणसाचेही वाचवायचे, ही वृत्ती ओपन सोर्सचे नाव खराब करते. प्रॉक्समॉक्सची सदस्यता प्रोसेसरच्या सॉकेटवर आहे, कोअरवर नाही. ती घेतली की अधिक तपासून सोडलेली अपडेट्स मिळतात. नाही घेतली तरी सगळे चालते, फक्त लॉगिन करताना एक सूचना डोळ्यांसमोर येते. ती सूचना कोडमध्ये खाडाखोड करून घालवणाऱ्यांचे मला हसू येते. तेवढ्या वेळात पीव्हीई-८-टू-९ ची तपासणी झाली असती. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स स्वीकारण्याचे धोरण आणले, त्यात खरेदीच्या वेळी ओपन सोर्स पर्यायाचा विचार बंधनकारक केला. संस्थांनी त्यातला ‘विनामूल्य’ तेवढा उचलला, देखभालीची तरतूद सोडून दिली.

तेव्हा संचालक मंडळींना विनंती एवढीच: वार्षिक अंदाजपत्रकात ‘सर्व्हर खरेदी’च्या खाली ‘आवृत्ती बदल’ ही ओळ घाला आणि तिच्यासमोर माणसाचे मानधन लिहा. आठव्या आवृत्तीचा आधार ऑगस्ट २०२६ पर्यंत आहे. तुमच्याकडे कितवी चालू आहे, हे उद्या सकाळी विचारा. उत्तर कोणालाच देता आले नाही, तर काम तिथूनच सुरू करावे लागेल.