भाईचारा, भाऊबंदकी आणि शेतसारा

मराठीत पानिपत हे गावाचे नाव फारसे उरलेले नाही. ते भाववाचक नाम झाले आहे. एखाद्याचे पानिपत झाले म्हणजे त्याचा सर्वनाश झाला, एवढाच बोध मराठी वाचकाला होतो. बखरकारांपासून विश्वास पाटील यांच्या १९८८ च्या कादंबरीपर्यंतचे लेखन नजरेखालून घातले, तर त्या भूमीवर १४ जानेवारी १७६१ खेरीज दुसरा दिवस कधी उजाडलाच नाही असे वाटावे. काला आंब येथे दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास मराठी माणसे जमतात, मातीला नमस्कार करतात आणि परततात. त्या मातीत गहू पिकतो, भात पिकतो, तिचे भाऊभाऊ वाटेकरी आहेत आणि तिच्यावर शतकानुशतके कोणी ना कोणी सारा वसूल करीत आले आहे, या गोष्टी त्या नमस्कारात येत नाहीत.

वस्तुतः खुद्द पानिपतच्या मोहिमेची कागदपत्रे या उपेक्षेला पुष्टी देत नाहीत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साधनांच्या पहिल्या खंडात सदाशिवरावभाऊ आणि गोविंदपंत बुंदेले यांचा जो पत्रव्यवहार आहे, त्यात शौर्याच्या गोष्टींपेक्षा ऐवजाचा, रसदेचा आणि थकलेल्या वसुलीचा तगादा अधिक आहे. गोविंदपंत हे अंतर्वेदीतील वसुलीचे कमाविसदार. डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले आणि मराठी छावणीची उपासमार अटळ झाली. म्हणजे या युद्धाच्या पोटात साऱ्याचाच प्रश्न होता. पुढची गोष्ट तर मराठी स्मृतीने जवळजवळ पुसूनच टाकली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पानिपतचा मुलूख शिंद्यांच्या अमलाखाली होता आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी वऱ्हाडातल्या सुर्जी-अंजनगाव येथे झालेल्या तहाने तो इंग्रजांकडे गेला. पानिपतच्या कुणब्याच्या दृष्टीने मराठा हा केवळ पराभूत वीर नव्हता. काही काळ तो सारा घेणारा धनीही होता. वसुली करणाऱ्याच्या भूमिकेत स्वतःला पाहण्याची मराठी साहित्याची तयारी नसावी, हे समजण्याजोगे आहे. अभ्यासकाला मात्र ती सवलत घेता येणार नाही.

त्या परिसरातील रोड शेतकऱ्यांविषयी मराठीत अलीकडे जे कुतूहल दिसते त्याचेही असेच आहे. ते १७६१ च्या रणातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज आहेत काय, हा एकच प्रश्न त्यांना विचारला जातो. १८८० च्या दशकातील इंग्रजी नोंदींत त्यांनी आपले मूळ स्थान म्हणून बहुधा रोहतककडचे बादली सांगितले आहे. पुढे दुसरी परंपरा बलवत्तर झाली. कुळाच्या या चौकशीत त्यांनी आपली जमीन कशी राखली हा प्रश्न राहूनच जातो, आणि साहित्याच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे.

त्याचे उत्तर ज्या ग्रंथात बऱ्याच अंशी सापडते तो ग्रंथ साहित्याच्या कपाटात कोणी ठेवीत नाही. डेन्झिल इबेट्सन या अधिकाऱ्याने १८७२ ते १८८० या काळात पानिपत तहसील आणि कर्नाल परगणा यांची फेरजमाबंदी केली. तिचा अहवाल १८८३ मध्ये छापला गेला. आकारणीचे दर ठरविण्यासाठी लिहिलेल्या या अहवालात मातीच्या जाती, विहिरींची मोट, लग्नाचे विधी, मर्तिकाचे रिवाज, जातीजातींवरच्या म्हणी असे सगळे काही आहे. योगायोग असा की त्याच वर्षी, जुलै १८८३ मध्ये, पुण्यात महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यातही शेतकऱ्याचे घर, त्याचे अन्न, त्याची लग्नकार्ये आणि दर तीस वर्षांनी पैमाशीच्या निमित्ताने वाढणारा सारा यांचे तपशील आहेत. एकाने ते सरकारसाठी गोळा केले, दुसऱ्याने सरकारला जाब विचारण्यासाठी. भारतीय गद्याच्या इतिहासात ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याचा परिपाठ पडला असता, तर ‘ग्रामीण साहित्य’ या संज्ञेभोवती मराठीत जी चर्चा झाली तिला थोडा निराळा पाया लाभला असता.

या शेजारवाचनातून पहिली गोष्ट हाती लागते ती भाषेची. पानिपतकडील गावांच्या धारापद्धतीला जमाबंदीच्या परिभाषेत ‘भाईचारा’ म्हणतात. गाव पाने आणि ठोले यांत विभागलेला, शेते भावाभावांत वाटलेली, पण साऱ्याची जबाबदारी सर्वांची मिळून. एकाने गाव सोडले तर त्याचा वाटा भरण्याचे ओझे उरलेल्यांवर पडे. ते त्याचे शेत कसत, आणि तो परतला की शेतावर हक्क सांगे. दक्षिणेत याहून फार निराळे नव्हते. मिरासदारांचे जथे आपल्यातल्या भाऊबंदांच्या साऱ्याला एकमेकांसाठी बांधलेले असत. परागंदा झालेला मिरासदार बऱ्याच वर्षांनी परतला तरी त्याचा हक्क बुडत नसे, याची नोंद एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात आहे. वंशच संपला तर ती जमीन ‘गतकूल’ म्हणून लिहिली जाई. म्हणजे कुळ गेले तरी शेताला कुळाचेच नाव राही. एकाच व्यवस्थेतून उत्तरेला ‘भाईचारा’ हा शब्द सलोख्याच्या अर्थाने रूढ झाला आणि मराठीत ‘भाऊबंदकी’ हा शब्द वैराचा वाचक ठरला. या दोन शब्दांच्या व्युत्पत्तीत संस्कृतीची थोरवी शोधण्याचा मोह आवरलेला बरा. सारा भरण्यासाठी भाऊ एकत्र येतात आणि वाट्यासाठी भांडतात. एका भाषेने पहिला अर्धा भाग उचलला, दुसरीने दुसरा.

जमीन ही कुटुंबाची असते म्हणून कुटुंब तिचा कर भरते, असे सामान्यतः मानले जाते. पानिपत आणि पुणे या दोन्ही प्रांतांचे कागद उलटे सांगतात. कर भरण्याच्या एकत्रित बंधनानेच कित्येक ठिकाणी ‘कुटुंबाची जमीन’ ही कल्पना घट्ट केली. सारा जबर असताना जमिनीला किंमत नव्हती. ती ओझे होती, आणि ओझे वाहायला भाऊ लागत.

हे बंधन दोन प्रांतांत दोन रीतींनी सुटले. दख्खनमध्ये रयतवारीने प्रत्येक खातेदाराला सरकारसमोर एकटे उभे केले. प्रिंगलच्या जबर आकारणीनंतर १८३५ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विन्गेट यांनी दर उतरवून दिले खरे, पण तीस वर्षांची मुदत संपताच, १८६७ पासून, सारा पुन्हा चढला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव तोवर कोसळले होते. वाढ इतकी झाली की १८७४ मध्ये मुंबई सरकारलाच मर्यादा घालावी लागली: तालुक्यावर शेकडा ३३, एका गावावर ६६, एका खात्यावर १००. म्हणजे एखाद्या कुणब्याचा सारा दुप्पट होणे ही मर्यादेच्या आतली गोष्ट ठरली! पुढच्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या. एकट्या पडलेल्या खातेदाराची जमीन साऱ्याच्या हप्त्यापायी सावकाराकडे गेली, हे त्या दंग्याचे सार इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतही आले आहे.

पानिपतकडे मात्र पैमाशीने भाऊबंदांचे बंधन तोडले नाही. ते कायद्यात लिहून ठेवले. तिथेही साऱ्याचा जाच होताच. पश्चिम यमुना कालव्याच्या पाण्याने कित्येक शेते चिबड होऊन त्यांवर खाराचे पांढरे थर आले आणि काही गावांना सूट देण्याची पाळी सरकारवर आली. परंतु जमीन बाहेरच्याच्या हाती सहज जाऊ नये, विकायची झाल्यास आधी भाऊबंदांना विचारावे, हा शुफ्याचा हक्क तिथे टिकून राहिला. नात्यावर आधारलेला तो हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये, आत्मप्रकाश विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात, घटनाबाह्य ठरविला. तेव्हा अनेकांना परंपरा बुडाल्याचे दुःख झाले. त्या परंपरेची किंमत कोणी मोजली होती, हे मात्र त्या दुःखात कोणी पाहिले नाही.

किंमत मोजली ती स्त्रियांनी. नवरा मेल्यावर विधवेने दिराशी करेवा लावावा, म्हणजे तिच्या हयातीपुरता तिच्याकडे येणारा वाटा घरातच राहील, ही त्या प्रदेशातील चाल. प्रेम चौधरी यांनी हरियाणाच्या ग्रामीण स्त्रियांविषयीच्या आपल्या १९९४ च्या ग्रंथात दाखवून दिले आहे की इंग्रज अधिकाऱ्यांनीही या चालीला आधार दिला. कारण भाऊबंद शाबूत असले की सारा शाबूत. ‘भाईचारा’ या शब्दात भाऊ आहेत, बहीण नाही, हे केवळ व्याकरण नव्हे.

भारतीय कादंबरीने हे सत्य सरकारी अहवालांपेक्षा स्पष्टपणे ओळखले होते. फकीरमोहन सेनापतींच्या ओडिया कादंबरीचे नावच जमिनीचे माप आहे: ‘छ माण आठ गुंठ’. त्यात भगिया आणि सारिया या विणकर दांपत्याची जमीन गहाणाच्या कागदातून जाते आणि तिच्याबरोबर दोघांचे आयुष्यही. ताराशंकरांच्या ‘गणदेवता’त सेटलमेंटची पैमाश गावात येते तेव्हा देबू घोष तुरुंगात जातो. परंतु या संदर्भात सर्वांत निर्दय प्रसंग ‘गोदान’मधला. थकलेल्या लगानापायी बेदखलीची पाळी आलेली वडिलोपार्जित शेती वाचविण्यासाठी होरी आपल्या रूपाला पैसे घेऊन उतारवयाच्या माणसाला देतो. जमीन राहते, मुलगी जाते. १९३६ मध्ये प्रेमचंदांनी हे लिहिले. मराठीत श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या १९८७ च्या दोन खंडांच्या कादंबरीत खोतांच्या घराण्याची चढउतार विस्ताराने येते. आनंद यादवांच्या त्याच वर्षीच्या ‘झोंबी’त दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या घराची दैना येते. दोन्ही श्रेष्ठ कृती. तरीही जमीन राखण्याच्या खटपटीतला साऱ्याचा आणि नोंदींचा भाग मराठी कादंबरीत पार्श्वभूमीसारखा राहिला आहे. प्रेमचंदांनी तो कथानकाच्या मध्यभागी आणला.

आता शेतसारा दोन्ही प्रांतांत नाममात्र झाला आहे. कालव्याच्या पाण्यावरचा आबियानाही रद्द करण्याचा निर्णय हरियाणा सरकारने २०२४ मध्ये घेतला. यावरून कुटुंबाची जमीन अधिक सुरक्षित झाली असे अनुमान कोणी काढील तर ते फसवे ठरेल. पानिपत तहसील १९८५ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात आले, १९९८ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, २०१० मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पूर्वी ओझे असलेली जमीन आता ठेव झाली. लाल डोऱ्याच्या आतली घरे शहराच्या हद्दीत आली की त्यांच्यावर शहराचा मिळकतकर येतो, आणि पिकातून येणारे उत्पन्न शहराच्या दराशी बरोबरी करू शकत नाही. हाच अनुभव पुण्याभोवतीही आला. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत घेतली गेली, मिळकतकराच्या बोजाविरुद्ध तेथील रहिवाशांनी सतत आवाज उठविला, आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. ‘शहरी सोयी हव्यात पण कर नको’ असा शेरा मारून त्या तक्रारींची बोळवण करणे सोपे आहे. ज्या घराचे उत्पन्न अजून हंगामावर चालते त्याला महिन्याच्या पगाराच्या हिशेबाने कर लावणे, यातली चूक फुल्यांना दिसली होती.

फरक इतकाच की पूर्वीचा वाढता सारा भावांना एकत्र धरीत असे. आजची वाढती किंमत त्यांना वेगळे करते. १८७५ चा कुणबी जमीन देणे भागविण्यासाठी गमावी, आजचा तिचे मोल मिळविण्यासाठी विकतो. त्याला दोष देण्याचा अधिकार शहरात घरे घेतलेल्या लेखक-प्राध्यापकांना क्वचितच पोचतो.

आणि बहिणीचा वाटा? २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. महाराष्ट्राने तो १९९४ मध्येच दिला होता. तरीही महाराष्ट्रात हक्कसोडपत्र आणि हरियाणात हकत्याग हे कागद सर्रास केले जातात. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. रूपाच्या वेळी निदान लगान थकलेला होता. आता थकबाकी नाही, बेदखली नाही; तरी जमीन घरात ठेवण्याची किंमत तीच मोजते. या कागदांची भाषा कोणी साहित्याचे साधन म्हणून अभ्यासलेली फारशी दिसत नाही. त्यांत ‘स्वखुशीने’ हा शब्द येतो, तो कोणाच्या तोंडचा आहे हे कथाकाराने नाही तर कोणी सांगावे?

पानिपतच्या तहसील कचेरीत मालकी बदलल्याची नोंद ज्या वहीत होते तिला ‘इंतकाल’ म्हणतात. उर्दूत हाच शब्द मृत्यूलाही लावतात. मराठी तलाठ्याच्या दप्तरात त्याच नोंदीला ‘फेरफार’ असे थंड नाव आहे. संक्रांतीला काला आंबला जाणाऱ्या एखाद्या मराठी संशोधकाने परतीच्या गाडीपूर्वी अर्धा दिवस काढून आसपासच्या एखाद्या गावातील म्हाताऱ्या स्त्रियांना विचारावे, की तुमच्या माहेरच्या शेताच्या इंतकालावर तुमची सही कोणी घेतली आणि तेव्हा तुम्हाला काय सांगितले.