डॉक्टरेट करा, पण भंडाऱ्यात येऊन करा

आषाढात भंडारा जिल्ह्यात रोवणी सुरू झाली की बांधीत वाकलेल्या बाईच्या उजव्या हाताकडे कुणी निरखून बघत नाही. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी असते. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं त्यातून दोन-तीन काड्या सुट्या करतात, मुळाशी धरतात आणि चिखलात खोचतात. दिवसभर हेच चालतं. आता याच हाताची कोपराजवळची नस कुष्ठरोगानं निकामी केली, असं समजा. करंगळी आणि अनामिका आकड्यासारख्या वळतात, तिथली संवेदना जाते, अंगठ्याच्या चिमटीतला जोर ओसरतो. काड्या धरल्या जातात, पण घट्ट नाही. बांधीत तिची ओळ मागे पडते आणि पुढच्या हंगामात रोवणीच्या टोळीत तिला कुणी बोलवत नाही.

कुष्ठरोगावर सहा किंवा बारा महिन्यांची औषधं सरकार फुकट देतं. ती जंतू मारतात, वळलेली बोटं सरळ करत नाहीत. ते काम व्यवसायोपचार तज्ज्ञाचं. तो आधी हाताचं मोजमाप घेतो. मग स्प्लिंटच्या प्लॅस्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून तळहाताच्या घडीवर बेततो आणि गार होईपर्यंत बोटं हव्या त्या कोनात धरून ठेवतो. बधिर हाताला चटका कळत नाही, म्हणून चुलीवरचं भांडं कसं उतरवायचं आणि चहाचा स्टीलचा पेला कशात गुंडाळून धरायचा, हे शिकवतो. विळ्याची मूठ जाड करून देतो. शस्त्रक्रियेनं दुसऱ्या स्नायूची दोरी बोटांना जोडली असेल, तर मेंदूला त्या दोरीची नवी सवय लावून देतो. एवढं झाल्यावर तिला पुन्हा रोवणी करता येते का, हे तो तपासतो. त्याच्या लेखी उपचार इथे पूर्ण होतो.

गावाकडे या माणसालाही लोक ‘फिजिओवाला’च म्हणतात. त्यात लोकांचा दोष नाही, कारण दोघंही एकाच खोलीत बसलेले दिसतात. ढोबळ मानानं बघायचं तर पक्षाघातानंतर गुडघा वळता करणं, खांदा मोकळा करणं यावर फिजिओथेरपिस्टचा भर असतो. भात-वरण कालवून घास तोंडापर्यंत नेणं, सदऱ्याची बटणं एका हातानं लावणं, न्हाणीत पाय न घसरता आंघोळ करणं आणि कामावर परतणं, हा व्यवसायोपचाराचा प्रांत.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. आशियातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघाली आणि ती काढणाऱ्या बाईंचं आडनाव निंबकर होतं. जन्मानं त्या अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर कमलाबाई होऊन इथल्याच झाल्या, मध्ये फिलाडेल्फियाला जाऊन व्यवसायोपचार शिकून आल्या आणि मग इथे शाळा उभी केली. फलटणच्या कमला निंबकर बालभवनामुळे हे नाव अनेकांच्या कानावर असतं, पण त्यामागचं हे काम फार थोड्यांना माहीत आहे. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकारानं अखिल भारतीय संघटना झाली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला आणि भारत त्याच्या संस्थापक देशांत होता. पुढे १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे विदर्भ ज्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतो तिथे, व्यवसायोपचाराची शाळा सुरू झाली.

भंडाऱ्याहून मेडिकल साठ-पासष्ट किलोमीटर. साडेसहा दशकं हे शिक्षण इतक्या जवळ आहे. तरीही जिल्ह्यात बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलामुलींना विचारलं तर एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस ही नावं धडाधड येतात आणि व्यवसायोपचाराच्या पदवीचं बीओटीएच हे नाव प्रवेशफेरीचा पसंतीक्रम भरताना पहिल्यांदा दिसतं. प्रवेश त्याच ‘नीट’मधून होतो. आजवरचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. पुढे एमओटीएच. त्यानंतर ज्यांना शिकवायचं किंवा संशोधन करायचं आहे त्यांच्यासाठी पीएच.डी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार तिला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं लागतात. बारावीपासून हिशेब धरला तर दहा वर्षांच्या आसपासचा मामला. शेतकऱ्याच्या घरात एवढी वर्षं शिकणारं पोर पोसायचं म्हणजे गंमत नव्हे.

अमेरिकेत डॉक्टरेटचा रस्ता वेगळा आहे. तिथे संशोधनाच्या पीएच.डी.शिवाय ओटीडी नावाची व्यावसायिक डॉक्टरेट आहे. आधी कुठल्या तरी विषयातली पदवी घ्यायची आणि मग थेट या पदवीला जायचं, असाही मार्ग आहे. नेब्रास्का राज्यातल्या क्रेटन विद्यापीठानं १९९९ मध्ये तो पहिल्यांदा खुला केला. त्यात किमान २४ आठवडे रुग्णालयात किंवा समाजात प्रत्यक्ष काम करावं लागतं आणि त्यावर आणखी १४ आठवड्यांचा एक प्रकल्प असतो. विद्यार्थ्यानं एक विषय धरायचा, एका जागी तळ ठोकायचा आणि तिथला एक प्रश्न तडीस न्यायचा.

२०१७ मध्ये तिथल्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळानं जाहीर केलं की २०२७ पासून व्यवसायात येण्यासाठी डॉक्टरेट सक्तीची होईल. त्यावर व्यवसायातच मोठं वादळ उठलं. शिक्षणाचा खर्च आणि कर्ज वाढेल, गरीब घरची मुलं बाहेर राहतील, शिकवायला एवढी माणसं आणायची कुठून, असे आक्षेप आले. अखेर २०१९ मध्ये ठरलं की पदव्युत्तर आणि डॉक्टरेट असे दोन्ही दरवाजे उघडे राहतील. एवढ्या श्रीमंत देशानं या बाबतीत पाऊल मागे घेतलं, ही गोष्ट आपल्याकडच्या पदवीवेड्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी.

आपल्याकडे नावाआधी ‘डॉ.’ कुणी लावायचं यावर जितकी शाई सांडते, तितकी त्या माणसाला येतं काय यावर सांडत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं फिजिओथेरपिस्टनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. चोवीस तासांत देशभर चर्चा पेटली. लाखांदूर तालुक्यातल्या पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्याला त्या चोवीस तासांत काहीच फरक पडला नाही.

त्याचा प्रश्न दुसराच आहे. रुग्णालयातून सुटी होताना त्याला गुण दिले जातात. जगभर वापरली जाणारी बार्थेल मोजपट्टी १९६५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. दहा बाबी, एकूण शंभर गुण. जेवण, आंघोळ, कपडे, खाटेवरून खुर्चीत बसणं, जिने चढणं वगैरे. मोजपट्टी चांगली आहे, साधी आहे, म्हणूनच टिकली. पण या म्हाताऱ्याच्या घरात जिना नाही. तो जेवायला जमिनीवर मांडी घालून बसतो, शौचाला उकिडवा बसतो आणि पाणी सोडायला बांधीच्या धुऱ्यावरून चालत जातो. धुरा म्हणजे वीतभर रुंदीची, पावसात निसरडी झालेली मातीची वाट. कागदावर त्याला शंभरपैकी नव्वद गुण मिळू शकतात आणि तरी तो स्वतःच्या शेतात जाऊ शकत नाही. धुऱ्यावर तोल सांभाळण्याचं मोजमाप कुणी करायचं? बॉस्टनमध्ये बसून ते होणार नाही, आणि मुंबईतूनही अवघडच.

व्यवसायोपचारातली डॉक्टरेट व्हायला हवी ती अशा प्रश्नांवर, आणि त्यांची भंडाऱ्यात वाण नाही. पूर्व विदर्भ कुष्ठरोगाच्या नकाशावर अजून गडद आहे. सिकलसेलचा पट्टाही हाच. या आजारात लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो, तरुणपणीच खुब्याचं हाड झिजून उकिडवं बसणं बंद होऊ शकतं, आणि वेदनेचा झटका आला की शाळा बुडते ती आठ-आठ दिवस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मान्य केलेल्या २१ प्रकारांत सिकलसेलही आहे आणि बरे झालेले कुष्ठरुग्णही. शहापूर ते साकोली महामार्गावरचे अपघात, तुमसरच्या राइस मिलच्या पट्ट्यात सापडलेली बोटं, डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मँगनीजच्या खाणी, मोहाडी-आंधळगावकडे कोशाचा धागा काढणाऱ्या बायका, तेंदूपानाच्या बिड्या वळणारे हात. यातल्या प्रत्येक कामात शरीराचा कुठला भाग आधी थकतो आणि दुखापतीनंतर तो कामाला परत कसा लावायचा, हा प्रत्येकी एका प्रबंधाचा ऐवज आहे.

बाळांचा विषय तर वेगळाच काढायला हवा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. देशभर चर्चा झाली ती अग्निसुरक्षेची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण अशा कक्षांत दाखल होणारी बाळं मुळात कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची किंवा जन्मताच श्वास कोंडलेली असतात. त्यांतली बहुतेक जगतात, घरी जातात, आणि त्यांच्यातल्या काहींची मान वेळेवर धरली जात नाही, मूठ उघडत नाही, दूध ओढता येत नाही. हे पहिल्या काही महिन्यांत ओळखून आईच्या मांडीवरच उपचार सुरू झाला, तर पुढचं अपंगत्व बरंच कमी करता येतं. शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. तपासणीत मूल सापडतं. पण त्यानंतर आठवड्याला दोनदा त्याच्यासोबत कुणी बसायचं, हा खरा पेच. लाखांदूरच्या आईला दर खेपेला नागपूर गाठायला सांगणं म्हणजे उपचार बंद करायला सांगण्यासारखंच. एसटीचं भाडं तरी एक वेळ जमेल, बुडालेल्या मजुरीचं काय?

इथे कुणी म्हणेल, साधे व्यवसायोपचार तज्ज्ञच पुरेसे नाहीत तिथे डॉक्टरेटच्या गप्पा कशाला? आक्षेप वजनदार आहे. आधी पदं, आधी माणसं, हे बरोबरच. पण ती माणसं घडवणार कोण? शिकवणाऱ्यानं कधी बांधीत पाय ठेवला नसेल, तर शिकणाराही परदेशी पुस्तकातलं बाथटबचं चित्र पाठ करून परीक्षा देतो आणि पुढे पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या दवाखान्यात खपतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याला ज्या जगासाठी तयार केलं, त्या जगात तो गेला.

माणसाला कामावर परत आणणं विदर्भानं दुसऱ्या पद्धतीनं करूनही दाखवलं आहे. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं, बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभं केलं. दोन्हीकडे जखमांवरच्या पट्टीइतकंच महत्त्व शेतीला, मागाला, सुतारकामाला होतं. तिथे कुणाकडे व्यवसायोपचाराची पदवी नव्हती. पण झडलेल्या बोटांच्या माणसाला काम दिलं तर तो उभा राहतो, हे या मातीनं नागपूरची शाळा निघण्याच्या दोन दशकं आधीच ओळखलं होतं. त्या अनुभवाचं शास्त्र करणं, कुठलं अवजार कशा मुठीनं कुणाला चाललं याची नोंद ठेवणं, हे राहून गेलं. ती उणीव डॉक्टरेट भरून काढू शकते.

अमेरिकेकडून उचलायचंच असेल, तर पदवीचं नाव तिथेच ठेवावं आणि ते १४ आठवडे आणावेत. आता त्यासाठी निमित्तही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्‌घाटन झालेल्या राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत भंडाऱ्याचं नाव आहे. नवं महाविद्यालय उभं राहताना विभाग, खोल्या आणि पदं कागदावर आखली जातात, तोच बोलण्याचा काळ असतो. एकदा इमारत पुरी झाली की व्यवसायोपचाराला जिन्याखालची कोठी मिळते, हा राज्यभरचा अनुभव आहे. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यानं व्यवसायोपचाराला स्वतंत्र आरोग्य व्यवसाय म्हणून जागा दिली आणि अशा पदव्यांसाठी किमान ३६०० तासांचं शिक्षण ठरवलं. यातले निदान काही शे तास पवनी, साकोली, मोहाडीच्या सरकारी रुग्णालयांत आणि रुग्णांच्या घरात गेले पाहिजेत, एवढीच मागणी आहे. त्याला नवा कायदा लागत नाही. राहण्याची सोय, जाण्यायेण्याचा खर्च आणि देखरेखीला एक अनुभवी माणूस लागतो.

तेव्हा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं एमओटीएच आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना भंडाऱ्यात सलग १४ आठवडे राहण्याची अट घालावी आणि त्या काळाचं विद्यावेतन द्यावं. भंडाऱ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयानं पहिल्या आराखड्यातच व्यवसायोपचाराचा विभाग धरावा. आमदार-खासदारांनी रस्ते आणि पुलांच्या यादीत ही एक ओळ घालावी. आणि यंदा ‘नीट’ दिलेल्या तुमसर-लाखनीच्या मुलामुलींनी पसंतीक्रम भरताना बीओटीएच हा पर्याय नुसता खाली सरकवण्याआधी एकदा मेडिकलच्या त्या विभागात जाऊन, तिथे काय चालतं ते स्वतः पाहून यावं.